वरच्या पाच खाचरांचा ट्रॅक्टर

आषाढ लागला की शनिवारी सकाळी मी भोरहून स्कूटरवर निघते. नसरापूर मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना चिखलणी सुरू झालेली दिसते. खाचरांत पाणी अडवलेलं, आणि त्या पाण्यात लोण्यासारखा घुसळला जाणारा चिखल. त्याला एक वास असतो. वर्षभर दबून राहिलेली मुळं, कुजलेला पेंढा, शेण आणि पाणी एकत्र ढवळल्यावर येणारा, जरा आंबूस, जरा गोडसर. विंझर येईपर्यंत तो कपड्यांत शिरलेला असतो. आणि तो आला की मला ते वर्ष आठवतं, ज्या वर्षी आम्ही ट्रॅक्टर घेतला. होळीपासून आषाढापर्यंतचे ते चार महिने. तेवढ्या काळात मी माझं गाव जितकं पाहिलं, तितकं आधीच्या पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं.

आमची वस्ती विंझरच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. घर, अंगण, गोठा, मागे चार आंब्यांची झाडं. घराखाली तीन रुंद खाचरं, घराच्या वर पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेली पाच लहान खाचरं, आणि त्यांच्याही वर नाचणीचं वरकस, डोंगरउताराची जमीन. सगळं मिळून अडीच एकर. वडील गेल्यावर अर्धी जमीन माझ्या नावावर आली, अर्धी माझ्या चुलत्यांची. त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. मी भोरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून, सुट्टीच्या दिवशी गावाकडे येणारी. कसणारे तात्याच. त्यांचा मुलगा विलास शिरवळला कंपनीत लागला, तेव्हापासून तात्या आणि विलासची बायको कमल, अशी दोघंच शेतात.

तात्यांचा गुडघा गेला आणि बैलजोडी विकावी लागली. त्या वर्षी खालून भाड्याचा मोठा ट्रॅक्टर बोलावला. खालची तीन खाचरं त्याने तासाभरात उरकली. वर जाणारी वाट, आमची पाणंद, त्याला अरुंद पडली, म्हणून घराच्या अंगाने वरच्या खाचरांत शिरताना मात्र त्याचं मागचं चाक बांधावर चढलं, बांध बसला, आणि ते धूड पोटापर्यंत चिखलात रुतलं. काढायला दुसरा ट्रॅक्टर आणावा लागला. संध्याकाळी तात्या मोडलेल्या बांधाजवळ उभे होते. तो बांध त्यांच्या वडिलांनी रचलेला, मातीचा एक कणही न लावता, नुसते दगड दगडात बसवून. त्यानंतर ड्रायव्हर वर यायला तयार होईना, आणि वरची पाच खाचरं पडीक पडली.

दोन वर्षं पडीक राहिलेलं खाचर काय होतं, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. गवत कमरेएवढं वाढतं. खेकडे बांधाला बिळं पाडतात, त्या बिळांतून पाणी निसटतं आणि जाताना माती घेऊन जातं. आजोबांनी डोंगर अडवून जमवलेली माती आमच्या डोळ्यांदेखत ओढ्याला लागली होती. तात्यांनी वर जाणंच सोडलं. विहिरीकडे जायची जवळची वाट वरच्या खाचरांच्या कडेने जाते, पण ते गुडघा दुखत असतानाही खालून वळसा घालून जायचे. हे मला कमलने सांगितलं. म्हणाली, "आक्का, तात्या वर बगतबी न्हाईत आता. तिसरं वरीस पडीक गेलं तर बांध ऱ्हायाचे न्हाईत."

होळीला विलास आणि मी एकत्र बसलो आणि दोघांनी मिळून स्वतःचा ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं. इथपर्यंत सोपं होतं. केवढा घ्यायचा, हा प्रश्न अवघड होता.

विलासच्या मनात मोठा होता. चाळीसच्या वरच्या हॉर्सपॉवरचा, भलीमोठी ट्रॉली ओढणारा. त्याचंही काही चूक नव्हतं. घेतोय तर एकदाच घ्यावा, चार लोकांची नांगरट करून द्यावी, असा त्याचा हिशेब. शिवाय कंपनीत दिवसभर दुसऱ्याच्या मशीनवर उभं राहणाऱ्या माणसाला आपल्या दारात आपलं मोठं मशीन असावंसं वाटणारच. लहान ट्रॅक्टरला तो खेळणं म्हणायचा. मी दोन-तीन दुकानांतून माहितीपत्रकं गोळा केली. त्यांत एक मधला होता, सत्तावीस-अठ्ठावीसचा. आणि एक अगदी लहान, वीसच्या आतबाहेरचा. रात्री जेवल्यावर भोरच्या घरात मी ती पत्रकं पसरून बसायची. लांबी, रुंदी, वजन, वळायला लागणारी जागा. आयुष्यभर फायलींत आकडे भरले, पण हे आकडे वाचताना मात्र डोळ्यांपुढे काहीच उभं राहीना. साडेचार फूट म्हणजे आमच्या पाणंदीत नेमकं किती?

ते कमलने उभं केलं. एका रविवारी मी गेले, तर अंगणात बांबू पडलेले. तिने मला पत्रकातली मापं वाचायला सांगितली, मी वाचत गेले, ती फुटपट्टीने मोजून बांबू तोडत गेली. मग चार बांबू सुतळीने बांधून तिने एक चौकट केली. मधल्या ट्रॅक्टरएवढी लांब, तेवढीच रुंद. पुढून ती, मागून मी, अशी ती चौकट कमरेच्या उंचीवर धरून आम्ही घराच्या मागच्या दारातून निघालो.

फाल्गुन संपत आला होता. पाणंदीत पळसाची फुलं पडलेली, आंब्याच्या मोहराचा वास, आणि समोर राजगडाची माची धुरकट उन्हात. पाणंद एका जागी फार अरुंद होते. एका बाजूला शेजाऱ्यांचा दगडी बांध, दुसऱ्या बाजूला फणस. तिथे आमची चौकट दोन्हीकडे बोटभर जागा ठेवून निघाली. मोठ्या ट्रॅक्टरचं माप तिने आधीच दोरीने घेऊन पाहिलं होतं. तो घालायचा तर फणस तोडावा लागला असता किंवा शेजाऱ्यांचा बांध. दोन्हींतलं काहीच होणार नव्हतं.

वरच्या वाड्यावरचे कोंडिबा मेंढरं घेऊन उतरत होते. आम्हाला पाहून थांबले. हे काय चाललंय, म्हणून त्यांनी विचारलं. कमल न थांबता म्हणाली, "ट्रॅक्टर." कोंडिबांनी क्षणभर आमच्याकडे, मग चौकटीकडे पाहिलं. हसले नाहीत. काठी खांद्यावर आडवी टाकून ते आमच्या मागोमाग आले. दुसऱ्या खाचरात आम्ही चौकट वळवली. तिसऱ्यात वळवताना ती कोपऱ्यात अडकली, पुढे-मागे करत तीनदा फिरवावी लागली. कोंडिबा बांधावर बसून सगळं पाहत होते. उठताना म्हणाले, "वरकसात नेशील तर आडवा नको नेऊ. उभा ने. गवताखाली वल आसती, आडवं चाक घसरतं." डोंगर उतारावर मेंढरं राखण्यात जन्म गेलेल्या माणसाचं ते सांगणं होतं. कुठल्याच पत्रकात ते लिहिलेलं नव्हतं.

परत येऊन लहान ट्रॅक्टरची चौकट केली. ती कुठेच अडली नाही. पाचव्या खाचरातही एका दमात वळली. तरी माझं मन मधल्याकडे झुकत होतं. त्याची ताकद दीडपट, काम लवकर, आणि विलासचं मनही राहिलं असतं. मधला पाणंदीतून जात तर होता. कोपऱ्यात दोनदा जास्त वळवला तर काय बिघडतंय, असं मी म्हणाले. कमल चौकटीची सुतळी सोडू लागली. मला वाटलं, तिलाही पटलं.

गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी आम्ही चौघं महामार्गावरच्या एका दुकानात गेलो. विलास, कमल, मी, आणि गुडघ्याला पट्टा बांधून तात्या. दुकानातला माणूस तरुण, बोलका. तो विलासशी बोलू लागला. तात्यांना खुर्ची मिळाली, मला पाणी मिळालं. कमल दाराजवळ पदर आवरून उभी होती. मोठ्याचं बोलणं झालं, मधल्याचं झालं. मागे जोडायचा, माती घुसळणारा रोटाव्हेटर चाकांच्या रुंदीएवढा हवा, नाहीतर आपल्याच चाकांचे चरे मागे राहतात, हे त्याने नीट समजावलं. चिखलणीसाठी लोखंडी चाकं लागतील, त्यांनी रुंदी वीतभर वाढते, हेही सांगितलं. माणूस प्रामाणिक होता. मग त्याने सहज विचारलं, चालवणार कोण?

विलास म्हणाला, मी. नाहीतर एखादा ड्रायव्हर बघू.

मी मनात मोजू लागले. विलासला आठवड्यातून एक सुट्टी. चिखलणीचे दिवस दहा-बारा. खाचरात पाणी चढलं की ते कुणाच्या सुट्टीसाठी थांबत नाही. आणि ड्रायव्हर त्या दिवसांत सोन्यासारखे दुर्मीळ. होळीपासून आम्ही, म्हणजे मी आणि विलास, ट्रॅक्टरच्या रुंदीवर वाद घालत होतो. त्याच्यावर बसणार कोण, हे आम्ही एकमेकांना एकदाही विचारलं नव्हतं.

"मी चालवीन की," कमल दाराजवळून म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. विलासने मागे वळून पाहिलं. दुकानातला माणूस माझ्याकडे पाहू लागला, जणू हे खरं की नाही ते मी सांगायचं होतं. मी कमलला म्हणाले, मग बसून तर बघ.

ती आधी मधल्यावर चढली. कमल पाच फुटांना जेमतेम पोचते. क्लच तळापर्यंत दाबायला तिला सीटच्या टोकावर सरकावं लागलं, पाठ टेकण्यापासून सुटली, आणि तशा अवस्थेत दुसरा पाय ब्रेकवर नीट बसेना. सीट पुढे घेतली, तरी तेच. दुकानातला माणूस म्हणाला, सवयीने जमेल. मग ती लहान ट्रॅक्टरवर चढली. पाठ टेकून बसली, दोन्ही पाय दोन्हीकडे दाबले, सोडले, पुन्हा दाबले. तिच्या चेहऱ्यावर एक गोष्ट दिसली, जी मी तिच्या लग्नापासूनच्या सतरा वर्षांत पाहिली नव्हती. ती कुणाच्या परवानगीची वाट पाहत नव्हती.

विलास म्हणाला, अगं, लोक हसतील. एवढासा ट्रॅक्टर आणि वर तू.

तात्या खुर्चीतूनच म्हणाले, "म्या जू करून घ्यायचो, ते बैलाची मान बगून. सुताराला सांगायचो, आदी बैल बग, मग लाकूड तास. आता काम ती करनार हाय, तर तिच्या पायाला बसंल त्योच घ्या."

लहान ट्रॅक्टर ठरला. परतीच्या वाटेवर मला विलासचं वाईट वाटलं. त्याच्या मनातला तो मोठा ट्रॅक्टर त्या दुपारी दुकानातच राहिला, आणि असं काही मागे सोडताना माणसाला जे होतं ते त्याला झालं. लहान आकाराचे तोटेही खरे होते. खालच्या रुंद खाचरांना त्याला दुप्पट वेळ लागणार, पेंढा घरी आणायला एकाच्या जागी तीन खेपा होणार, दुसऱ्यांची कामं घेणं फारसं जमणार नाही. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं, आणि आजही त्यातलं काही खोटं ठरलेलं नाही.

पण शिकवलं विलासनेच. चैत्र-वैशाखात त्याच्या सुट्टीच्या दिवशी, ऊन चढायच्या आत, खालच्या कोरड्या खाचरात. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झालेले, सगळीकडे राखेचा वास, आणि त्या काळ्या ठिगळांच्या शेजारून हा लाल ट्रॅक्टर कासवासारखा फिरतोय. विलास बाजूने चालत सांगायचा, गिअर कधी बदल, रोटाव्हेटर कधी उचल. पहिल्या दिवशी तो ओरडून सांगत होता. दुसऱ्या रविवारी आवाज उतरला. तिसऱ्या रविवारी मी गेले, तर तो बांधावर बसून चहा पीत होता आणि कमल एकटीच फेऱ्या मारत होती. त्याने माझ्यासाठी जागा केली. म्हणाला, वळण माझ्यापेक्षा चांगलं घेते. मग मीही शिकायला बसले. मला सरळ रेषेत काही जाता आलं नाही. माझे वेडेवाकडे चरे पुढचे आठ दिवस वस्ती बघत होती.

आणि मग ते आषाढातले दिवस. खालची खाचरं चिखलून झाली. वरची राहिली. विलासने त्या दिवसाची रजा काढली होती. मीही काढली. पाऊस भुरभुरत होता, डोंगर ढगात. पाणंदीतून, फणसाजवळून, ट्रॅक्टर सहज वर गेला. दुसऱ्या खाचरातून तिसऱ्यात चढायला बांध उतरता करून वाट केली होती. चढ उभा होता. कमलने पुढची चाकं त्याच्यावर घातली, मागच्यांनी जोर धरला, आणि मला दिसलं की पुढची चाकं जमिनीवरून हलकी होताहेत. पहिल्यांदा बोटभर. मग वीतभर.

विलास खालून ओरडला, रेस दे, चढव. मी तिच्याकडे पाहत होते. तिने रेस दिली नाही. दोन्ही पाय तळापर्यंत दाबून गाडी होती तिथे धरली. पुढची चाकं खाली टेकली. एक श्वास घेण्याइतका वेळ तशीच थांबली, मग रिव्हर्स टाकून इंच-इंच मागे येत ती पुन्हा दुसऱ्या खाचरात उतरली. इंजिन बंद केलं. उतरून तिने चढाकडे एकदा नीट पाहिलं. म्हणाली, चढ जास्त उभा हाय. दगड भरूया. पुढं वजनं लावूया.

आम्ही तिघांनी दोन तास दगड आणि माती भरून तो चढ लांब आणि सोपा केला. पुढे लोखंडी वजनं अडकवली. दगड उचलताना विलास एकदाच म्हणाला, मी चुकीचं सांगितलं होतं. कमल म्हणाली, व्हय. एवढंच. दोघंही पुन्हा दगड उचलायला वाकले. मी आजही कधीकधी विचार करते, सीटच्या टोकावर सरकून बसलेली कमल त्या चढावर असती तर काय झालं असतं. मग तो विचार सोडून देते. ती तशी बसलेली नव्हती, आणि तेवढं पुरे आहे.

दुसऱ्या वेळी ट्रॅक्टर तिसऱ्या खाचरात चढला, तो घाटातली एसटी चढावी तसा, सावकाश, कण्हत, पण न थांबता. तिथून चौथ्यात, चौथ्यातून पाचव्यात. दोन वर्षांचं गवत चिखलात गडप होऊ लागलं. बगळे आले. दोन वर्षं ते खालीच उतरायचे, त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. दुपारी मी चहा घेऊन जायला वळले, तर पाणंदीतून तात्या येत होते. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, हातात काठी. वरच्या वाटेने. मी हात द्यायला पुढे झाले, त्यांनी तो घेतला नाही.

पाचव्या खाचराच्या बांधावर ते बराच वेळ उभे राहिले. मग काठी मला देऊन कडेने आत उतरले, वाकले, कोपरापर्यंत हात चिखलात घातला. मूठभर माती वर काढून बोटांत चोळली. आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. मला वाटलं, आता त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल, निदान शाबासकी तरी देतील. तात्या कमलला म्हणाले, "आजून येक फेर मार. कोपऱ्यात ढेकळं हायेत." आणि बांधावर बसून राहिले, कोपरा होईपर्यंत.

पहिल्या वर्षी वरचं पीक बेताचं आलं. खेकड्यांची बिळं बुजवता बुजवता पाणी जायचंच. दुसऱ्या वर्षी बांध धरले. आता इंद्रायणी भाताचा वास वरून घरापर्यंत येतो, आणि दसरा-दिवाळीच्या दरम्यान तो आला की कमल स्वयंपाकघरातून वर बघते. विलास पेंढ्याच्या तीन खेपा करताना अजूनही कुरकुरतो. त्याचा तो हक्क आहे.

गेल्या शनिवारी पासलीहून एक नवरा-बायको आले होते. त्यांनाही ट्रॅक्टर घ्यायचा होता, आणि कुणीतरी त्यांना आमच्याकडे पाठवलं. नवऱ्याने विलासला विचारायला सुरुवात केली. विलासने कमलकडे बोट दाखवलं. कमलने त्यांना अंगणात बसवलं, चहा दिला, आणि खूप प्रश्न विचारले. खाचरं किती रुंद, वाट कशी, उतार आहे का, जनावरं किती, माणसं घरी कोण असतात. ती बाई कमी बोलत होती, पण उत्तरं तीच देत होती. मग कमलने तिला आमच्या ट्रॅक्टरवर बसायला सांगितलं. ती लाजली, नवऱ्याकडे पाहिलं, तो चहा पीत होता. ती चढली. तिचे गुडघे जवळजवळ स्टिअरिंगला लागले.

मला वाटलं होतं, कमल आमच्या ट्रॅक्टरचं कौतुक करेल. चार गोष्टी चढवून सांगेल, माणूस आपल्या घेतलेल्या वस्तूबद्दल सांगतोच. तिने त्यांना सरळ मधला घ्यायला सांगितला. हा तुमाला पुरायचा न्हाई, म्हणाली, वरसाभरात पस्तावाल.

ते गेल्यावर मी तिला विचारलं, एवढं भांडून आपण लहान घेतला आणि त्यांना मधला सांगितलास? ती कपबशा गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांची खाचरं रुंद हायेत, आक्का. आन ती बाई माज्यापेक्षा वीतभर उंच हाय."